कापिओलानीबाई आणि अग्नीचा डोंगर

माण तालुक्यात ज्याने विहीर खणली आहे, त्यास जमिनीच्या पोटातील थर निराळे सांगावे लागत नाहीत. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम, मग पहारीने फुटणारा मांजऱ्या, आणि शेवटी सुरुंगावाचून न हालणारा काळा फत्तर. दहिवडीच्या किंवा म्हसवडच्या बाजूने शंभू महादेवाच्या डोंगररांगेकडे पाहिले, तर तिच्या अंगावर पायऱ्या पायऱ्या दिसतात. त्या कोणा माणसाने कोरलेल्या नाहीत. भूगर्भशास्त्राचे पंडित सांगतात की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील जमिनीस मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला खडक पुराच्या पाण्यासारखा वाहत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा येई. असे थरावर थर बसून आपले डोंगर झाले. ज्या काळ्या रानात आपण ज्वारी पेरतो, ती मातीही त्याच खडकाची झीज होय. म्हणजे आपण ज्या भूमीवर उभे आहो, ती एके काळी अग्नीची नदी होती.

तो अग्नी आपल्याकडे केव्हाच विझला. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशी एक जागा आहे की, जेथे वितळलेला खडक वाहून त्याची नवी जमीन होताना आजही मनुष्य आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो. ती जागा म्हणजे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे. आणि त्या अग्नीच्या काठावर ज्या बाईने एके दिवशी आपला जीव पणास लावला, त्या कापिओलानीबाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

आधी ती बेटे कोठे आहेत ते सांगितले पाहिजे. मुंबईपासून ती सुमारे ८,००० मैल दूर आहेत. चहूकडे महासागर, अमेरिकेचा सर्वांत जवळचा किनारासुद्धा २,००० मैलांहून अधिक लांब. अशा एकाकी ठिकाणी माणसे गेली कशी? पॉलिनेशिया म्हणून जो अनेक बेटांचा विस्तीर्ण प्रदेश आहे, त्यातील लोक दोन नावा एकत्र बांधून, वर शीड उभारून, होकायंत्रावाचून समुद्र ओलांडीत असत. ताऱ्यांचा उदय-अस्त, लाटांचा रोख आणि पक्ष्यांची उड्डाणे हीच त्यांची खूण. उत्तरेस हवाई, नैर्ऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयीस ईस्टर बेट, एवढ्या प्रचंड त्रिकोणात एकाच कुळातील भाषा बोलणारे लोक पसरले ते ह्याच विद्येच्या बळावर. त्यांनी आपल्याबरोबर नावेतून केळी, डुकरे, कोंबड्या आणि अळू नेले. अळू हे त्यांचे मुख्य अन्न. आपण पानांची वडी करितो. ते त्याचा कांदा जमिनीतील भट्टीत वाफवून, दगडी बत्त्याने कुटून, त्याचे दाट आंबील करितात व त्यास पोई म्हणतात. कापसाचे कापड त्यांजपाशी नव्हते. एका झाडाची आंतरसाल पाण्यात भिजवून, मोगरीने बडवून बडवून ते तिचे वस्त्र बनवीत.

ह्या बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाचेच नाव हवाई. त्यावर माउना लोआ नावाचा डोंगर समुद्रापासून साडेतेरा हजार फुटांहून अधिक उंच आहे, आणि तो सर्वच्या सर्व वाहून आलेल्या अग्नीचा बनलेला आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी धो धो पाऊस आणि माणात मात्र आभाळाकडे डोळे, तसाच प्रकार त्या एका बेटावर आहे. पूर्वेच्या हिलो गावी वर्षास सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. डोंगराच्या आडोशास असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी दहा इंचही कष्टाने पडतो. सबब माणातील वाचकास ते बेट अगदीच परके वाटू नये.

कापिओलानीचा जन्म सुमारे १७८१ साली झाला. तिचा पिता हिलोकडील मोठा सरदार होता. त्या काळी त्या बेटांवर कापू नावाचा कडक निर्बंध चाले. स्त्रियांनी केळे खाऊ नये, नारळ खाऊ नये, डुकराचे मांस खाऊ नये. पुरुषांच्या पंक्तीस बसू नये. सरदाराच्या सावलीवर सामान्य माणसाने पाऊल टाकू नये. मोडणारास शिक्षा एकच, ती म्हणजे मरण. जन्माने कोणी काय खावे, कोठे बसावे आणि कशास शिवू नये हे ठरविलेले असले म्हणजे माणसाचे जिणे कसे होते, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी पुरते भोगले आहे. त्यांस त्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

लहानपणी कापिओलानीच्या मनात केळे चाखून पाहण्याची इच्छा उत्पन्न झाली. मूलच ते. तिच्या सेवेस एक लहान मुलगा होता. त्याजवर तिची फार माया होती. केळे खाल्ल्याची गोष्ट उघडकीस आली. कापिओलानी मोठ्या घराण्यातील असल्यामुळे तिच्या जिवास अपाय झाला नाही; परंतु अपराधाची भरपाई म्हणून पुजाऱ्यांनी त्या निरपराध मुलास नेले व देवळात त्याचा बळी दिला. ही हकिकत मिशनरी मंडळींच्या लिखाणात राहिली आहे. पुढे कित्येक वर्षांनी, वृद्ध झालेल्या त्या पुजाऱ्यास बाईंनी त्या मुलाविषयी विचारले. तेव्हा, ते अंधाराचे दिवस होते, आणि लोकांची मने आपल्या मुठीत राहावीत म्हणून आम्ही तसे करीत होतो, अशा अर्थाचा जबाब त्याने दिला असे सांगतात. बाईंनी ते ऐकून अश्रू ढाळले. त्या मुलाचे मरण त्या जन्मभर विसरल्या नाहीत. आपण खाल्ले आणि दुसरा मेला, हा काटा ज्याच्या काळजात रुतला, त्यास भयाचे राज्य म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

वयात आल्यावर कापिओलानीबाईंचा विवाह नाइहे नावाच्या सरदाराशी झाला. हे गृहस्थ राजदरबारातील नामांकित वक्ते होते. त्यांचे ठाणे पश्चिम किनाऱ्यावर केआलाकेकुआ नावाच्या उपसागराच्या काठी, काआवालोआ येथे होते. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७९ साली ज्या जागी मारला गेला, ती हीच जागा. त्याच्या नावाचा पांढरा स्तंभ आजही तेथे उभा आहे. सभोवती काळा खडक, मागे उभा कडा, आणि खाली इतके स्वच्छ पाणी की तळाची पोवळी व रंगीबेरंगी मासे वरून दिसतात. गोड्या पाण्याची मात्र त्या किनाऱ्यास वाण.

तेथून जवळच होनाउनाउ येथे एक विलक्षण स्थान आहे. चुन्यावाचून रचलेली दगडी भिंत, सुमारे दहा फूट उंच आणि सतरा फूट रुंद. कापू मोडलेला मनुष्य पाठलाग करणारांच्या हातून निसटून, पोहत किंवा धावत त्या भिंतीच्या आत पोहोचला, तर त्याचा जीव वाचे; पुजारी त्याची शुद्धी करून त्यास घरी पाठवी. जुन्या करारातील आश्रयाच्या नगरांची वाचकांस आठवण होईल. म्हणजे त्या कठोर रीतीतही दयेस एक दार ठेविलेले होते. पण ते लांब होते, आणि लहान मुलाचे पाय तेथवर पोहोचत नसत.

बाईंच्या तारुण्याचे वर्णन करिताना सत्य लपविण्याचे कारण नाही. परदेशी गलबतांबरोबर दारू आली होती, आणि सरदारांच्या घरी तिचा पूर लोटला होता. कापिओलानीबाईही तिच्या आहारी गेल्या होत्या. मोठ्या घराण्यातील स्त्रिया एकाहून अधिक नवरे करीत. तसे त्यांचेही होते. अंगास तेल चोळून उन्हात चटईवर लोळत पडलेली बाई, असे त्यांचे पहिले दर्शन मिशनरी मंडळीस झाले.

१८१९ साली त्या बेटांचा पराक्रमी राजा कामेहामेहा मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची विधवा राणी काआहुमानु व तरुण राजा लिहोलिहो ह्यांनी स्त्री-पुरुषांची एकत्र पंगत बसवून कापू मोडला. लक्षात घ्यावे की, तोपर्यंत एकही मिशनरी तेथे पोहोचला नव्हता. तेथील लोकांनी आपण होऊनच ती बेडी तोडली. पंक्तीस बसलेली माणसे मेली नाहीत हे पाहून लोक चकित झाले.

पुढील वर्षी, म्हणजे १८२० साली, अमेरिकेतील बोस्टन शहराहून निघालेले थॅडियस नावाचे गलबत पाच महिन्यांच्या प्रवासानंतर तेथे पोहोचले. त्यात अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते. ह्याच अमेरिकन बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले होते, आणि त्याच कार्यातून पुढे अहमदनगर, सोलापूर, सातारा इकडील मंडळ्या उभ्या राहिल्या. ह्या नात्याने हवाईची मंडळी आणि आपली मराठी मंडळी ह्या एकाच घरातून निरोप घेऊन निघालेल्या दोन बहिणी होत. एक पूर्वेस आली, एक पश्चिमेस गेली.

त्या मिशनऱ्यांनी हवाईच्या बोलीस प्रथम अक्षरे दिली. १८२२ साली पहिला छापील कागद निघाला. बारा अक्षरांत ती सारी भाषा मावे. त्यामुळे म्हातारी माणसेही वाचू लागली. कापिओलानीबाई वयाच्या चाळिशीत बाराखडीस बसल्या. जी बाई कालपर्यंत हुकूम सोडीत होती, ती पोरासोरांच्या रांगेत पाटी घेऊन बसली. वाचता येऊ लागले तसा त्यांच्या वागण्यात पालट होत गेला. त्यांनी दारू सोडली. एक नाइहे वगळून बाकीचे संबंध तोडले. घर नीटनेटके ठेवू लागल्या. १८२४ साली काआवालोआ येथे मिशनरी येऊन राहिले, तेव्हा प्रार्थनेसाठी घर उभारण्यास पती-पत्नी दोघांनी पुढाकार घेतला.

आता त्या अग्नीच्या डोंगराकडे वळू. बेटाच्या आग्नेय भागात किलाउएआ नावाचा ज्वालामुखी आहे. तो कळस असलेला उंच डोंगर नव्हे. सपाटीवरून चालता चालता एकाएकी जमीन खचलेली दिसते आणि पायांखाली मैल मैल रुंद असा प्रचंड खड्डा उघडतो. त्या काळी खड्ड्याच्या तळाशी वितळलेल्या खडकाची तळी उकळत असत. रात्री त्याचा लाल उजेड ढगांवर पडे. कडांच्या भेगांतून गंधकाची वाफ निघे. उडालेल्या थेंबांचे वाऱ्याने तंतू होऊन काचेच्या केसांसारखे ते भोवताली पसरत. लोक त्यांस पेलेचे केस म्हणत.

पेले ही त्या अग्नीची देवी. तिचे भय ही काही पोरखेळाची गोष्ट नव्हती. १७९० साली, बाई लहान असताना, केओउआ सरदाराचे लष्कर किलाउएआजवळून बायकामुलांसह चालले होते. अकस्मात डोंगराने राख आणि तापलेली वाफ ओकली, आणि त्या लष्करातील एक टोळी जागच्या जागी मरून पडली. ओल्या राखेत उमटलेली माणसांची पावले त्या रानात अजून दाखवितात. असे ज्यांनी पाहिले किंवा आईबापांकडून ऐकले, त्यांनी अग्नीपुढे हात जोडले तर नवल काय? कापू मोडून पाच वर्षे झाली होती; देवळातील मूर्ती पडल्या होत्या; पण पेलेस कोणी पाडू शकत नव्हते, कारण ती रोज रात्री आकाशात दिसत होती.

त्या खड्ड्याच्या काठी ओहेलो नावाचे झुडूप उगवते. त्यास बारीक बोरासारखी लाल फळे येतात. ती पेलेची समजत. अगोदर तिला वाहिल्यावाचून जो ती तोंडात घालील, त्याचा ती नाश करील अशी श्रद्धा होती. १८२३ साली विल्यम एलिस वगैरे मिशनरी तेथे गेले. भुकेने व्याकूळ होते. त्यांनी फळे तोडून खाल्ली. त्यांस काही झाले नाही. परंतु त्यामुळे लोकांचे भय गेले नाही. आणि जाणार तरी कसे? परका मनुष्य परक्या देवाचा. त्यास आपल्या देवीचा जाच होत नसेल, असे समजण्यास जागा होती. जे भय आपल्या रक्तात आहे, त्याची परीक्षा आपल्या रक्ताच्या माणसानेच दिली पाहिजे.

ही गोष्ट कापिओलानीबाईंच्या ध्यानात आली. हिलो येथे १८२४ च्या आरंभी नवे ठाणे बसविलेले होते आणि तेथील दोन मिशनरी कुटुंबांस धीर देणे अवश्य होते. त्यांच्या भेटीस जावे आणि वाटेत किलाउएआच्या खड्ड्यात उतरून जावे, असा निश्चय बाईंनी केला. नाइहे ह्यांनी आडकाठी केली. आप्तेष्टांनी रडून विनविले. बाईंचे उत्तर त्यांस माहीत होऊन गेले, ते असे की, मी तेथे मेले तर तुम्ही सर्वजण पेलेस खुशाल भजा; पण मी जिवंत राहिले, तर मग तुम्ही खऱ्या देवाकडे वळले पाहिजे. कर्मेल डोंगरावर एलीयाने जशी कसोटी मांडली, तशीच ही कसोटी; फरक इतकाच की, येथे वेदीवर गोऱ्हा नव्हता, बाईंचा स्वतःचा देह होता.

सुमारे शंभर मैलांची वाट. म्हसवडहून साताऱ्यास पायी जाऊन परत यावे, जवळजवळ तितकी. वाट म्हणजे निवलेल्या लाव्ह्याची रानेच्या राने. हा खडक दोन जातींचा असतो. एक गुळगुळीत, दोर वळल्यासारखा. त्यास हवाईचे लोक पाहोइहोइ म्हणतात. दुसरा खरखरीत, धारदार, काचेसारखा कापणारा. त्यास आआ म्हणतात. आपल्या दख्खनच्या खडकाचा अभ्यास करणारे पंडितसुद्धा आज हेच दोन हवाई शब्द वापरतात. त्या धारेवरून सरदार घराण्यातील ही चाळिशी ओलांडलेली, अंगाने स्थूल बाई चालत निघाली. पाय सुजले. बरोबर सुमारे ८० माणसे होती. त्यांतील कित्येक वाटेत पुनःपुन्हा मागे फिरण्याची विनवणी करीत होते.

खड्ड्याजवळ आल्यावर पेलेची एक पुजारीण आडवी आली. पुढे पाऊल टाकशील तर मरशील, असा धाक तिने घातला. हातात सालीच्या वस्त्राचा एक तुकडा होता. तो देवीने पाठविलेला लेख आहे असे सांगून ती न समजणारे शब्द पुटपुटू लागली. बाईंनी तिला शिवी दिली नाही, की सेवकांकरवी दूर लोटविले नाही. त्यांनी तिला बसवून घेतले, आपल्यापाशी असलेले छापील पुस्तक उघडले, आणि त्यातून सर्वांस समजेल अशा आपल्या बोलीत वाचून दाखविले. मग देवाविषयी तिच्याशी बोलणे केले. पुजारिणीची मान खाली गेली. आपल्या अंगातील दैवत निघून गेले आहे, आता उत्तर देववत नाही, असे तिने कबूल केले. पुढे ती इतरांबरोबर बसून जेवली.

हिलोहून गुडरिच नावाचे मिशनरी सुमारे ३० मैल चालून काठावर येऊन थांबले होते. १८२४ सालचा डिसेंबर महिना. ख्रिस्तजन्माचा सण दोन-तीन दिवसांवर आला होता. कापिओलानीबाईंनी ओहेलोची फळे तोडली आणि पेलेस न वाहता खाल्ली. मग सुमारे ५०० फूट खाली, काळ्या कंगोऱ्यापर्यंत त्या उतरल्या. पायांखालचा खडक ऊन लागत होता. समोर अग्नी उसळत होता. तेथे उभे राहून त्यांनी बरोबरच्यांस सांगितले की, हा अग्नी पेलेने नव्हे, तर आपला देव यहोवा ह्याने पेटविला आहे. त्यानंतर सर्वांनी गीत गाइले, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि ज्या वाटेने उतरले त्याच वाटेने चढून वर आले.

एवढेच घडले. पुढे ही गोष्ट सांगताना अनेकांनी तीत आपल्या पदरचे रंग भरले. इंग्रज कवी टेनिसन ह्याने तिच्यावर काव्य रचले. परंतु ती जितकी साधी तितकीच मोठी आहे. आकाश फाटले नाही; डोंगर शांतही झाला नाही. तो जसा धडधडत होता तसाच धडधडत राहिला. फक्त एक बाई त्याच्या काठावरून जिवंत परत आली. मग त्या हिलोस गेल्या, सुमारे दहा दिवस राहिल्या, घरोघर लोकांस भेटल्या, आणि तितकीच वाट पुन्हा चालून घरी आल्या.

एका दिवसात सारे बेट बदलले असे मात्र कोणी समजू नये. १८८१ साली माउना लोआचा अग्निप्रवाह हिलो गावावर चालून आला, तेव्हा राजघराण्यातील रूथ केएलिकोलानी ह्या राजकन्येने पेलेस रेशमी रुमाल व मद्य वाहिले. आजही पेलेविषयी आदर बाळगणारे लोक त्या बेटावर आहेत, आणि ती त्यांच्या पूर्वजांची ठेव आहे म्हणून तिचा मान राखणे शेजाऱ्यास शोभते. कापिओलानीबाईंनी इतरांवर बळजबरी केली नाही. त्यांनी स्वतःचे भय उचलून उजेडात नेले. इतकेच त्यांचे काम होते, आणि ते दुसऱ्या कोणास करता आले नसते.

त्या दिवसानंतर त्या साडेसोळा वर्षे जगल्या. ह्या काळाविषयी लोक कमी बोलतात. परंतु उपदेशकांनी त्याचाच अधिक विचार करावा. अग्नीच्या काठावर एक दिवस उभे राहणे कठीण खरे. पण रोजच्या कारभारात सोळा वर्षे सरळ चालणे त्याहून सोपे नाही. १८३१ च्या अखेरीस नाइहे वारले. बाईंनी एकटीने आपल्या मुलखाचा कारभार पाहिला. पुढे किनारा सोडून वरच्या थंड, ओलसर चढणीवर त्या राहावयास गेल्या. ह्याच कोना प्रांतात मिशनरी रगल्स ह्यांनी १८२८ च्या सुमारास कॉफीची रोपे नेली, आणि तेथील उतारावरची कॉफी आज जगभर जाते. मिशनऱ्यांच्या बायका लिहितात की, बाईंचे घर स्वच्छ, बोलणे मृदू आणि दार आल्यागेल्यास उघडे असे.

१८४१ साली त्यांच्या स्तनास कर्करोग जडला. होनोलुलु येथे डॉक्टर जड ह्यांनी शस्त्रक्रिया केली. त्या वेळी भूल देण्याचे औषध वैद्यांच्या हाती आलेले नव्हते. पाच वर्षांनी, १८४६ साली, ते प्रचारात आले. बाई पूर्ण शुद्धीवर बसून राहिल्या आणि हूं की चूं न करिता त्यांनी ते कापणे सोसले. वेदना झाल्या काय असे विचारल्यावर, झाल्या खऱ्या, पण तारणाऱ्याने जे सोसले त्याचा मी विचार करीत होते, अशा आशयाचे त्या बोलल्या. जखम भरत आली होती. परंतु दुसरा विकार उद्भवला आणि ५ मे १८४१ रोजी त्यांनी देह ठेविला. किलाउएआच्या काठावर जो धीर दिसला तो क्षणाचा आवेश नव्हता, ह्याची साक्ष ह्या शेवटच्या दिवसांनी दिली.

आज कोणी प्रवासी त्या बेटावर गेला, तर ह्या चरित्रातील बहुतेक जागा त्यास पाहावयास मिळतात. होनाउनाउचे आश्रयस्थान सरकारने जतन केले आहे. ती भिंत हाताने चाचपता येते. केआलाकेकुआच्या पाण्यात लोक नळी तोंडात धरून पोहतात व मासे पाहतात. किलाउएआभोवतीचे रान १९१६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील एका लहान खड्ड्यात १९५९ साली लाव्ह्याचे तळे झाले होते. ते वरून निवून घट्ट झाले आहे आणि त्याच्या पाठीवरून पाऊलवाटेने पलीकडे चालत जाता येते. ओहेलोची झुडुपे काठावर अद्याप आहेत. डोंगरही जागाच आहे. २०१८ साली त्याने खालच्या वस्तीतील सुमारे ७०० घरे गिळली आणि समुद्रात नवी जमीन घातली. तेव्हा तेथे जाणाराने अधिकाऱ्यांनी आखलेली मर्यादा ओलांडू नये. विश्वास म्हणजे बेफिकिरी नव्हे. बाईंनीही उकळत्या तळ्यात पाऊल टाकले नव्हते.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांस ते बेट पाहावयास मिळणार नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. अग्नीचा खडक आपल्याही पायांखाली आहे, आणि भयही आपल्याच घरात आहे. पाऊस गेला, विहिरीने तळ दाखविला, मध्यरात्री लेकरू तापाने फणफणले, म्हणजे वर्षानुवर्षे मंडळीत बसणाऱ्या मनुष्याच्या मनातही जुने भय हळूच डोके वर काढिते. हे काही आपण शिकलो ते चुकले म्हणून नव्हे का, असे शेजारी विचारतात, आणि आपलेच मन त्यांस होकार देऊ पाहते. अशा वेळी दुरून आलेल्या पाहुण्याचा धीर उपयोगी पडत नाही. एलिस साहेबांनी फळे खाल्ली, त्याने कोणाचे भय गेले नाही. कापिओलानीबाईंनी खाल्ली, तेव्हा पाहणारांस विचार पडला. गावच्या माणसाने गावात, आपल्या बोलीत, शेजाऱ्याचा अपमान न करिता, आपल्या दुःखाच्या दिवशी सरळ उभे राहणे, हाच तो कंगोरा होय.

उपदेशक बंधूंनो, पुढील रविवारी मंडळीत ही गोष्ट सांगाल तेव्हा खड्ड्यातील अग्नीपाशीच थांबू नका. तो केळे आणून देणारा लहान मुलगाही सांगा. त्याच्यासाठी आश्रयाची भिंत फार दूर होती. आपल्या वस्तीत भयाने गांजलेले असे कोणते लेकरू आहे, आणि त्याच्यापासून आपले दार किती पावलांवर आहे, हे मोजून पाहणे आपल्या हाती आहे.